बीकॉम-बीबीएला आंत्रप्रेन्युअरशिप आहे? मग आधी एक दुकान धरा

मागच्या महिन्यात आतेभावाच्या पोरीचा फोन आला. खानापूरहून रोज बेळगावला ये-जा करते, बीकॉमला आहे. "काका, आंत्रप्रेन्युअरशिपचा पेपर आहे, तुमच्या जुन्या नोट्स आहेत काय?" नोट्स आहेत की, माळ्यावर ट्रंकेत पडल्यात. पण द्यायला मन होईना, कारण त्या नोट्स घोकून मी काय दिवे लावले ते मला पक्कं माहीत आहे.

माझा प्रोजेक्ट रिपोर्ट होता कागदी प्लेटांच्या युनिटवर. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडं तयार मिळायचा, दोनशे रुपयात स्पायरल बाइंडिंगसकट, फक्त पहिल्या पानावरचं नाव बदलून घ्यायचं. व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, बाहेरचे एक सर आले, चार पानं चाळली आणि विचारलं, युनिट कुठं टाकणार? मी छाती पुढं काढून म्हटलं, उद्यमबागेत, म्हणजे बेळगावच्या कारखान्यांच्या भागात. सरांनी पान माझ्याकडं फिरवलं, तिथं पत्ता हुबळीचा, आधीच्या कुणाचा तरी राहून गेलेला. मग विचारलं मशीनला किती एचपीची मोटर लागते, मी वर पंख्याकडं बघत बसलो. पास झालो म्हणा, सगळ्या वर्गाचे रिपोर्ट त्याच झेरॉक्सवाल्याचे, कुणाकुणाला नापास करणार. पण पुढं स्वतःचं पॅकिंगचं काम सुरू केलं तेव्हा पहिली दोन वर्षं जे शिकायला पदरचे पैसे मोजले ते सगळं त्याच सिलॅबसमध्ये छापलेलं होतं, हे फार नंतर ट्रंक उघडल्यावर कळलं.

म्हणून तिला जे सांगितलं तेच इथं जरा ऐसपैस लिहितो. मुद्दा एकच आहे. सेमिस्टर सुरू झालं की पहिल्याच आठवड्यात एक खरा धंदा निवडायचा, छोटा, आपल्या गल्लीतला, आणि पुस्तकातला एकेक धडा त्याच्यावर लावून बघायचा. शेवटपर्यंत तोच धंदा, मध्येच बदलायचा नाही. युनिव्हर्सिटी कुठलीही असो, राणी चन्नम्मा असो, इंजिनिअरिंगवाल्यांना व्हीटीयू असो, नाहीतर पलीकडं चंदगड-गडहिंग्लजला शिवाजी विद्यापीठ, सिलॅबसचा सांगाडा सगळीकडं तोच: उद्योजक म्हणजे कोण, कल्पना कुठनं येते, मार्केट कसं बघायचं, खर्च आणि भाव कसा काढायचा, प्रोजेक्ट रिपोर्ट, पैसा कुठनं आणायचा, सरकारी संस्था नि योजना, आणि शेवटी लायसन्स-रजिस्ट्रेशन. सिलॅबसची एक प्रिंट काढा आणि वहीच्या पहिल्या पानाला चिकटवा, बास.

दुकान कसलं धरायचं

एकच माल करणारं. किराणा दुकान नको, त्यात चारशे आयटम असतात आणि तुम्ही हिशेबातच बुडता. साखर कारखाना नको, तुम्हाला गेटच्या आत कोण सोडतंय. कुठल्या मोठ्या ब्रँडची फ्रँचायझी पण नको, तिथले निर्णय दुसरीकडंच झालेले असतात, समोरचा माणूस फक्त शटर उघडतो. आपल्या भागात एकेक मालाचे धंदे पैशाला पासरी आहेत, वडगाव-खासबागला यंत्रमाग, कुंदा करणारे हलवाई, निपाणी-अथणीकडं चप्पल करणारे, खानापूरला मातीकाम, उद्यमबागेत फाउंड्र्या आणि त्यांच्या भोवती एक-दोन लेथवर जॉबवर्क करणारी वर्कशॉपं. घरात कोण पापड-चटणी-मसाला करून विकत असेल तर त्यासारखं बेस्ट नाही.

जायचं कधी? गिऱ्हाइकाच्या वेळेला जाऊन वही काढून उभं राहू नका, शिव्या खाल. दुपारी तीन-साडेतीनला माणूस जरा टेकलेला असतो, तेव्हा जा, आधी काहीतरी विकत घ्या, मग बोला. आणि "तुमचा प्रॉफिट किती?" हे कधीही विचारायचं नाही. कुणी सांगत नाही आणि सांगितला तर तो खोटा असतो, एकतर इन्कम टॅक्सची भीती नाहीतर दृष्ट लागायची. त्याऐवजी वस्तू विचारा. महिन्याला सिलिंडर किती लागतात, दूध सकाळी किती लिटर येतं, उरलं तर काय करता, पोत्यातनं माल किती निघतो आणि चुरा किती जातो, कामाला किती बायका आणि किती वाजेपर्यंत. सिलिंडरचा आकडा कोण लपवत नाही. हे सगळे आकडे घरी आणून जोडले की प्रॉफिट आपोआप दिसायला लागतो, आणि कधीकधी मालकालाच तो माहीत नसतो ही गंमत वेगळीच.

उधारीचं मात्र खोदून विचारा. मालक कन्नड बोलणारा असला तर "उद्री" म्हणायचं, बाजारात तोच शब्द चालतो. आणि तो "साल" म्हणाला तर वर्ष समजू नका, ते कर्ज! एकाच दुकानात कमीत कमी चार वेळा जा, त्यातला एक दिवस बाजाराचा आणि एक महिनाअखेरचा, कारण महिनाअखेरीस कोण पैसे मागायला येतं आणि कोण देत नाही हे जे दिसतं ना ते कुठल्याच चॅप्टरमध्ये नाही.

व्याख्या, आणि त्या परदेशी माणसांची नावं

इथं पोरं घाबरतात. कँटिलॉन, शुंपीटर, नाइट, मॅक्लेलंड, ड्रकर, उद्योजक म्हणजे कोण यावर लिहून गेलेले हे विद्वान, यांची नावंच पाठ होत नाहीत तर थिअरी कुठनं. पण प्रत्येकाला आपल्याकडचं एक माणूस जोडून टाका, सुटतच नाही डोक्यातनं.

कँटिलॉन अठराव्या शतकातला. त्याचं म्हणणं, उद्योजक म्हणजे ठरलेल्या भावानं घेणारा आणि न ठरलेल्या भावानं विकणारा. आता आपल्या मार्केटमधनं गोव्याला भाजी पाठवणारा व्यापारी डोळ्यासमोर आणा. घेताना कोबीचा भाव त्याला माहीत असतो, पैसे तिथंच मोकळे झाले. टेम्पो घाट उतरून गोव्यात पोचेपर्यंत तिथं भाव काय असेल ते देवाला ठाऊक, पावसाळ्यात चोर्ला घाटात झाड पडलं तर भाजीचं खतच. हाच कँटिलॉन. फ्रँक नाइटनं १९२१ साली त्यात एक फरक केला, रिस्क आणि अनसर्टन्टी वेगळी. दहातला एक कोबी सडणार हे अनुभवानं माहीत असतं, म्हणजे रिस्क, ती भावात धरता येते. उद्या गोव्याचा रस्ताच बंद होईल का, याचा हिशेब कुठनं धरणार, ती अनसर्टन्टी. नाइट म्हणतो खरा नफा मिळतो तो ही दुसरी अंगावर घेतल्याचा. पेपरमध्ये हा फरक बरोबर लिहिणारे फार थोडे असतात.

शुंपीटरला नवेपणा पाहिजे. नवा माल, नवी पद्धत, नवं मार्केट, कच्च्या मालाची नवी जागा, नाहीतर धंद्याची नवी रचना, या पाचातलं काहीतरी केलं तर तो उद्योजक, बाकी नुसते व्यापारी. याला उदाहरण शोधायला लांब जायला नको, बेळगावात किर्लोस्कर रोडवरनं आपण सगळेच जातो. लक्ष्मणराव किर्लोस्कर १८६९ ला बेळगाव जिल्ह्यातल्याच गुर्लहोसूरला जन्मले. मुंबईला व्हीजेटीआय या इंजिनिअरिंगच्या संस्थेत शिकवायचे, तिथं बढती डावलली म्हणून नोकरी सोडली, आणि बेळगावात निघालेलं सायकलचं दुकान ही त्यांच्या धंद्याची सुरुवात. पुढं कडबा कापायचं यंत्र, मग लोखंडी नांगर. आणि तो नांगर घ्यायला कोण तयार होईना! लोखंडानं जमिनीला विष बाधतं असं शेतकऱ्यांना वाटायचं, पहिला नांगर खपायलाच दोन वर्षं गेली. नंतर गावाच्या वाढीसाठी नगरपालिकेला त्यांची जागा पाहिजे झाली तेव्हा औंधच्या राजांनी कुंडल रोड स्टेशनजवळ माळरान दिलं आणि १९१० ला तिथं किर्लोस्करवाडी उभी राहिली. या एका गोष्टीत तुम्हाला नवा माल, गिऱ्हाइकाचा विरोध, भांडवल, जागेची निवड, सिलॅबसच्या चार धड्यांची उदाहरणं मिळतात. तरी पोरं पेपरात स्टीव्ह जॉब्जच लिहितात, तपासणाऱ्यानं त्या दिवशी चाळीस वेळा तोच वाचलेला असतो.

मॅक्लेलंड पटकन सांगतो. काहीतरी करून दाखवायची भूक, अचीव्हमेंटची गरज, ही माणसात वाढवता येते असं त्याचं म्हणणं, आणि ते तपासायला त्यानं १९६० च्या दशकात आंध्रातल्या काकिनाड्याच्या व्यावसायिकांना ट्रेनिंग दिलं. आपल्या देशातलं उदाहरण आहे, हमखास लिहा. उद्योजकता शिकवता येते हा विचार पुढं आपल्याकडं रुजला, उद्योजकता शिकवणारी अहमदाबादची संस्था ईडीआयआय १९८३ ची. ड्रकरचे इनोव्हेशनचे सात सोर्स पाठच करावे लागतात, त्याला इलाज नाही.

एक नाव कुणाच्या नोट्समध्ये नसेल तरी वाचाच, सारस सरस्वती. भारतातल्याच, अमेरिकेत शिकवतात, २००१ ला त्यांनी इफेक्च्युएशन मांडलं. सोप्या भाषेत सांगायचं तर मुरलेला धंदेवाला आधी टार्गेट ठरवून पैसा गोळा करत बसत नाही, हातात काय आहे ते बघतो: मी कोण, मला काय येतं, माझ्या ओळखीत कोण. आणि किती मिळेल यापेक्षा किती गेलं तर मला सोसेल ते आधी ठरवतो. आमच्या आईनं ही थिअरी कधी वाचली नाही पण दिवाळीचा फराळ विकायला काढला तेव्हा तिचं वाक्य होतं, पाच हजार बुडाले तर बुडाले, सहावा हजार घालणार नाही.

आता खरी भानगड, ब्रेक-इव्हन, म्हणजे ना नफा ना तोटा कुठं होतो ते

बाकी सगळं एकवेळ वरवर केलं तरी चालेल, पण इथं दोन दिवस बसा. फॉर्म्युला सगळ्यांना येतो, फिक्स्ड कॉस्ट भागिले एका नगाचं कॉन्ट्रिब्युशन, आणि कॉन्ट्रिब्युशन म्हणजे विक्रीभावातनं व्हेरिएबल खर्च वजा. येतो पण कळत नाही. मी वहीत मराठीत असं लिहून ठेवायला सांगतो: फिक्स्ड म्हणजे एक पाकीट विकलं नाही तरी भरावा लागणारा खर्च, व्हेरिएबल म्हणजे पाकीट केलं तरच होणारा खर्च.

आतेभावाच्या पोरीनं धरलेला धंदा म्हणजे शहापुरातल्या एका मावशींची शेंगदाण्याची चटणी, २०० ग्रॅमचं पाकीट. (आकडे मी समजायला सोपे करून घेतोय, तुम्ही तुमचे घाला.) शेंगदाणे १४० रुपये किलो धरले तर पाकिटाला २८ चे. लसूण, तिखट, मीठ, तेल मिळून ८. पाकीट आणि लेबल ५, गॅस ३. झाले ४४. छापील किंमत ७५, दुकानदाराला पाकिटामागं १५ सोडायचे, म्हणजे मावशींच्या हातात ६०. साठातनं चव्वेचाळीस गेले, राहिले १६. हे सोळा म्हणजे कॉन्ट्रिब्युशन. नफा अजून नाही हां, पोरगी इथंच उड्या मारायला लागली होती.

महिन्याचा ठरलेला खर्च बघू. खोलीचं भाडं २०००, अर्धा दिवस मदतीला येणाऱ्या बाईंचे ४५००, मिक्सरची झीज-दुरुस्ती ६००, स्कूटरचं पेट्रोल नि फोन ९००. बेरीज ८०००. आठ हजार भागिले सोळा, ५००. महिन्याला पाचशे पाकिटं गेली की मावशी ना नफा ना तोटा. महिन्याचे २६ दिवस धरले तर दिवसाला विसाच्या आसपास. मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "वीस काय, पंचवीस पण जातात की." मग सगळे खूश.

थांबा. मावशींचा पगार कुठं आहे? सकाळी सहाला उठून शेंगदाणे भाजणारी बाई फुकट राबते काय? महिन्याला दहा हजार त्यांचे धरा. ठरलेला खर्च झाला १८,०००, भागिले सोळा, ११२५ पाकिटं, म्हणजे दिवसाला त्रेचाळीस-चव्वेचाळीस. आता चित्र पालटलं. आपल्याकडच्या घरगुती धंद्यांत नव्वद टक्के घोळ याच एका रकान्यात असतो असं माझं मत आहे, घरच्या बाईचे कष्ट आणि घरची खोली या दोन गोष्टी कुणी धरतच नाही, आणि मग नफा दिसतो पण हातात पैसा दिसत नाही.

आणखी एक करा. शेंगदाणे १४० चे १६० झाले असं धरा. पाकिटाचा खर्च ४ नं वाढला, कॉन्ट्रिब्युशन सोळाचं बारा. आठ हजार भागिले बारा, ६६७. भाव सातवा हिस्सा वाढला पण पाकिटं एक तृतीयांश जास्त खपवायला पाहिजेत. हे स्वतः पेन्सिलीनं करून बघितल्याशिवाय पटत नाही. पुस्तकात याला सेन्सिटिव्हिटी अ‍ॅनालिसिस म्हणतात आणि दोन ओळीत गुंडाळतात.

मग उद्री. दुकानदार पैसे महिन्यानं देतो. पाचशे पाकिटं गुणिले ४४, म्हणजे २२,००० रुपये कायम बाजारात अडकलेले. धंदा नफ्यात असला तरी हे बावीस हजार आधी कुठनंतरी आणावेच लागतात, याचंच नाव वर्किंग कॅपिटल. खेळतं भांडवल म्हणतात पण ते खेळत नसतं, दुसऱ्याच्या गल्ल्यात झोपलेलं असतं.

मार्केट सर्व्हे, कॅनव्हास वगैरे

यावर फार लिहीत नाही. गुगल फॉर्म करून वर्गातल्या साठ मित्रांना पाठवायचा आणि "८० टक्के लोक विकत घेतील" असं लिहायचं, हे बंद करा. मित्र हो म्हणतात, घेत नाहीत. त्यापेक्षा दहा पाकिटं पिशवीत घाला, गणपत गल्लीत नाहीतर रविवार पेठेत पाच दुकानांत जा आणि ठेवता काय विचारा. दुकानदार काय म्हणाला ते शब्दन्‌शब्द लिहा: "लेबलवर तारीख नाही", "अशी तीन येतात", "पंधरा नको, वीस सोडा". हा तुमचा सर्व्हे. बिझनेस मॉडेल कॅनव्हासचे, म्हणजे धंद्याच्या एकपानी आराखड्याचे, नऊ चौकोन एका मोठ्या ड्रॉइंग शीटवर पेन्सिलीनं काढा म्हणजे खोडता येतं. स्वॉटमध्ये (ताकद, कमजोरी, संधी, धोके) "चांगली क्वालिटी" असलं काही लिहायचं नाही, प्रत्येक मुद्द्यात एक आकडा नाहीतर एक नाव आलं पाहिजे, नाहीतर तो मुद्दा खोडा.

ब्रँड आणि बौद्धिक संपदेचा धडा असेल तर कोल्हापुरी चप्पल घ्या. २०१९ ला तिला जीआय, म्हणजे त्या भागाच्या मालाचं भौगोलिक मानांकन, मिळाला तो महाराष्ट्र आणि कर्नाटक दोघांना मिळून, तिकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि इकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर असे आठ जिल्हे. म्हणजे अथणीतला कारागीर पण कायद्यानं कोल्हापुरीच करतो. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीनं तसल्याच चपला दाखवल्या, इकडं ओरड झाली, मग कंपनीनं मान्य केलं की डिझाइनची प्रेरणा भारतातल्या पारंपरिक चपलांची आहे. प्रश्न असा घाला स्वतःला: जीआय असून कारागिराच्या हातात एका जोडामागं किती जास्त आले? याचं उत्तर शोधायला निपाणीला जाऊन एक दुपार घालवली तर वर्गात तुमच्यासारखा सेमिनार कुणाचा होणार नाही.

आपल्या बॉर्डरचा एक मुद्दा जो पुणेरी गाईडमध्ये नसतो

जीएसटीचं सगळे सांगतात, मालाच्या धंद्याला ४० लाखापर्यंत उलाढाल असेल तर रजिस्ट्रेशन नको, सर्व्हिसला २० लाख. बरोबर. पण हे राज्याच्या आतल्या विक्रीला. करपात्र माल दुसऱ्या राज्यात विकला की पहिल्या बिलापासून रजिस्ट्रेशन लागतं, उलाढाल दहा हजार असली तरी. आता निपाणीचा माणूस बघा, महाराष्ट्रातलं कागल त्याला हाकेच्या अंतरावर आणि आपल्याच राज्यातलं बेंगळूर पाचशेहून जास्त किलोमीटरवर. त्यानं बेंगळूरला पाकिटं विकली तर रजिस्ट्रेशन नको, कागलला विकली तर पाहिजे! खानापूरचा माणूस गोव्याला देतो, त्याचंही तेच. आणि बिलावर सीजीएसटी-एसजीएसटीच्या (केंद्राचा आणि राज्याचा वाटा) ऐवजी आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या विक्रीचा कर, लागतो, माल ५० हजाराच्या वर असला की वाहतुकीसाठी ई-वे बिल. ताज्या भाजीवर कर नाही म्हणून भाजीवाले यातनं सुटतात, हातकलेच्या काही वस्तूंना सवलत आहे, आणि सर्व्हिसवाल्यांना २० लाखापर्यंत परराज्यात पण सूट आहे. चटणीवाल्या मावशींना कोल्हापूरहून ऑर्डर आली होती, त्या खुशीत होत्या, आम्ही हे सांगितल्यावर तोंड उतरलं. पण प्रोजेक्टमध्ये हा एक परिच्छेद लिहिला तर तपासणारा चष्मा सरळ करून वाचतो.

बाकी कागद: उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या उद्योगाची सरकारी नोंदणी, आधार नंबरवर ऑनलाइन होतं आणि ते फुकट आहे, कुणी एजंट पाचशे मागितले तर देऊ नका. खायच्या मालाला एफएसएसएआय, म्हणजे अन्नसुरक्षेची नोंदणी, पाकिटावर १४ आकडी नंबर. महानगरपालिकेचं ट्रेड लायसन्स. दुकानाच्या बोर्डवर ६० टक्के कन्नड, २०२४ च्या कायद्यानं, बोर्ड रंगवायच्या आधी बघा म्हणजे दोनदा खर्च नको.

योजना पाठ करताना

गाईडमधले आकडे जुने असतात, यावर सगळ्यात जास्त मार्क जातात. एमएसएमईची, म्हणजे सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांची, व्याख्या १ एप्रिल २०२५ पासून बदलली. सूक्ष्म म्हणजे गुंतवणूक अडीच कोटीपर्यंत आणि उलाढाल १० कोटीपर्यंत, लघु २५ आणि १०० कोटी, मध्यम १२५ आणि ५०० कोटी. बाजारातल्या बऱ्याच गाईडांत अजून २०२० चेच आहेत, १ आणि ५ कोटीवाले. मुद्रा ही छोट्या धंद्यांना कर्ज द्यायची योजना २०१५ ची, शिशु ५० हजारापर्यंत, किशोर ५ लाख, तरुण १० लाख, आणि ज्यानं तरुणचं कर्ज नीट फेडलं त्याला तरुण प्लस २० लाखापर्यंत.

पीएमईजीपी, म्हणजे नव्या युनिटला कर्ज आणि सबसिडी देणारी केंद्राची योजना, पाठ करू नका, एक उदाहरण सोडवा. मुलगी आहे, म्हणजे स्पेशल कॅटेगरी, खानापूर तालुक्यातल्या खेड्यात ८ लाखाचं युनिट टाकते. स्वतःचे ५ टक्के म्हणजे ४० हजार, बँक देणार ७ लाख ६० हजार, सबसिडी ३५ टक्के म्हणजे २ लाख ८० हजार. ही सबसिडी हातात मिळत नाही, बँकेत तीन वर्षं ठेव म्हणून अडकते आणि युनिट चालू असेल तरच कर्जात वळती होते. तेच युनिट जनरल कॅटेगरीतल्या मुलानं बेळगाव शहरात टाकलं तर स्वतःचे १० टक्के आणि सबसिडी १५. अर्ज ऑनलाइन, आणि पुढं भेट जिल्हा उद्योग केंद्राशी पडते. तिथं एकदा जाऊन याच, नोटीस बोर्ड वाचला तरी पुरे. बाकी शेती-ग्रामीण भागाची बँक नाबार्ड १९८२, लघुउद्योगांची बँक सिडबी १९९० या सनावळ्या आहेतच, त्या बसमध्ये करा.

जॉबवर्कवाला धंदा धरला असेल तर एक कलम शोधून वाचा, २००६ च्या एमएसएमईडी कायद्यात छोट्या युनिटचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यायची अट आहे. मग उद्यमबागेतल्या लेथवाल्याला विचारा प्रत्यक्षात किती दिवसांनी येतात. तो हसेल. ते हसू पण लिहा.

लिहायचं कसं

आपली अडचण वेगळी आहे. दहावीपर्यंत मराठी मीडियम, घरात मराठी, बाजारात मराठी-कन्नड-हिंदी खिचडी, आणि पेपर इंग्रजीत. पोरं मग न समजता इंग्रजी वाक्यं घोकतात. माझी पद्धत अशी: समजून घ्यायचं मराठीत, वहीच्या डाव्या पानावर. उजव्या पानावर तेच इंग्रजीत, छोट्या वाक्यांत, स्वतःच्या. एका युनिटचे पंधरा-वीसच शब्द असतात, मागच्या पानावर त्यांची यादी. आणि प्रत्येक उत्तरात व्याख्येनंतर लगेच आपल्या दुकानाचं एक वाक्य. इंग्रजी मोडकं असलं तरी चालतं, चटणीचे आकडे मोडके नसतात.

रिपोर्ट वीस पानांचा केला तरी पुष्कळ. त्यात मशीनचं खरं कोटेशन पाहिजे, दुकानात जाऊन लेटरहेडवर घेतलेलं, वीजभार, जागेचा हातानं काढलेला नकाशा, पाच वर्षांचा अंदाज, आणि हप्ता फेडायला पैसा पुरतो काय याचं गणित, त्याला डीएससीआर म्हणतात, बँकवाले दीडच्या आसपास बघतात. ग्रुपमध्ये पाच जण असाल तर कामं आधीच वाटून घ्या, नाहीतर एक लिहितो, एक प्रिंट काढतो आणि तिघं फोटोत येतात.

व्हायवाला येणारे सर कधी कन्नडमध्ये सुरू करतात, बावरू नका. दोन वाक्यं ऐकून मग इंग्रजीत उत्तर दिलं तरी चालतं, पण पोरीला मी एक वाक्य कन्नडमध्येच पाठ करायला लावलंय. सरांनी "लाभ एष्टु?" (नफा किती?) विचारलं की आधी म्हणायचं, सर तो लाभ नाही, कॉन्ट्रिब्युशन आहे, आणि मग: ओंदु पाकीटिगे हदिनारु रूपायि. एका पाकिटाला सोळा रुपये.